शब्दचर्चा : पेशीतल्या ‘व्हेसिकल’ला पुटिका म्हणावं की थैली?

आर्वीचे मास्तर : बारावीच्या पोरांसाठी धनुर्वातावर टिपण करतो आहे. वाक्य असं : ‘व्हॅम्प-२ हे प्रथिन चेतापेशीतल्या पुटिकेवर असतं आणि धनुर्वाताचं विष ते कापतं.’ पुटिका म्हणजे इथं संदेशाचं रसायन भरलेला पटलाचा बारीक गोळा, इंग्रजीत व्हेसिकल. पोरं पुटिकेपाशीच अडतात. दहावीत फॉलिकलला (अंडाशयात अंडं वाढतं ती पिशवी) पुटिका शिकलेली, आणि गावात पुटकुळी म्हणजे अंगावर उठते ती. नसेला फोड येतो, असा अर्थ लावतात. दुसरा शब्द सुचवा.

दारव्ह्याच्या सिस्टर : थैली लिहा ना सर. सलाईनची थैली, रक्ताची थैली, सगळ्यांना ठाऊक.

वाशीमकर : पुटिका काऊन सोडता? पुट म्हणजे खोलगट घडी. पर्णपुट म्हणजे पानांचा द्रोण, संपुट म्हणजे डबी. पुटकुळीही त्याच घरची असावी. शब्द नेमका आहे, समजावून सांगा.

मोर्शीचे पशुवैद्य : थैलीला माझा विरोध. थैलीचं तोंड उघडतं, माल निघतो, थैली उरते. इथं जेमतेम ४० नॅनोमीटरचा गोळा पेशीपटलाला भिडतो. व्हॅम्प-२चा एक पदर, आणि पेशीपटलावरच्या प्रथिनांपैकी सिंटॅक्सिनचा एक, स्नॅप-२५चे दोन, असा चौपदरी पीळ बसतो आणि त्या ओढीनं दोन्ही पटलं एकजीव होतात. मग रसायन बाहेर. पीळ उलगडायला एनएसएफ नावाचं प्रथिन लागतं, तेही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून. उघडणं नाही, मिसळणं आहे.

नागपूर रोड : मग कोशिका?

आर्वीचे मास्तर : नको भाऊ. आपल्याकडची अर्धी पोरं हिंदी पुस्तकं वाचतात, त्यात कोशिका म्हणजे पेशी.

दारव्ह्याच्या सिस्टर : ‘विष कापतं’ एवढ्यावर सोडू नका. कुठं कापतं ते लिहा.

मोर्शीचे पशुवैद्य : व्हॅम्प-२ ११६ अमिनो आम्लांचं. त्यातल्या ७६व्या ग्लुटामीन आणि ७७व्या फेनिलॲलानीनच्या मधोमध. बोट्युलिनम या जिवाणूचं ‘बी’ विषही तिथंच कापतं. तरी बोट्युलिझममध्ये, म्हणजे त्या विषाच्या बाधेत, अंग लुळं पडतं आणि धनुर्वातात ताठतं, कारण बोट्युलिनमचं विष नसेच्या स्नायूजवळच्या टोकाशीच थांबतं. तिथं स्नायूला आवळायला सांगणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, अडलं की स्नायू ढिला. धनुर्वाताचं विष नसेतून उलटं चढून मज्जारज्जूत जातं आणि आवर घालणाऱ्या चेतापेशींत शिरतं. ग्लायसीन, गाबा ही आवर घालणारी रसायनं भरलेले गोळे तसेच पडून राहतात, आवरच सुटतो. पेशीत शिरलेल्या विषावर प्रतिविष चालत नाही, म्हणून ते लवकर द्यायचं. हे टिपणात पाहिजेच.

वाशीमकर : धनुर्वात तरी कशाला? आयुर्वेदात धनुस्तंभ आहे, जास्त अचूक.

दारव्ह्याच्या सिस्टर : वात म्हटलं की लोक संधिवाताकडे जातात, हे खरं. पण धनुस्तंभ कोण बोलतं? दातखीळ लिहा. बहुतेकदा आधी जबडाच धरतो, घरच्यांना तेच दिसतं.

वाशीमकर : दातखीळ फिट आल्यावरही बसते, ताई. लक्षण म्हणजे रोग नव्हे.

नागपूर रोड : आणि पीळ घालणाऱ्या या प्रथिनांना इंग्रजीत स्नेअर म्हणतात, त्यांना फास म्हणायचं का? पदर पीळ घेतात म्हणता, तर बसतो शब्द.

मोर्शीचे पशुवैद्य : नाही बसत. ते आद्याक्षरांतून आलेलं नाव, अर्थ ‘स्नॅपचा ग्राही’. आणि हा स्नॅप, म्हणजे एनएसएफला पिळाशी जोडणारं प्रथिन, वेगळा, स्नॅप-२५ वेगळा. दोन्ही नावांची फोड निराळी. भाषांतरात इथं हमखास घोळ होतो. मास्तर, जनुक आणि प्रथिनही वेगळं ठेवा : १७व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ‘व्हॅम्प-२ जनुक’, आणि त्यापासून बनतं ते ‘सिनॅप्टोब्रेव्हिन-२’, म्हणजेच आपलं व्हॅम्प-२ प्रथिन. इंग्रजीत जनुकाचं नाव तिरप्या अक्षरात छापतात. आपल्याकडे प्रत्येक वेळी जनुक की प्रथिन ते लिहावंच लागेल.

आर्वीचे मास्तर : लिहितो. पण पुटिका ठेवू की थैली?

वाशीमकर : पुटिका. आणि धनुस्तंभ.