चंद्रपूरची दारूबंदी उठवली ते चुकलंच

वरोरेकर:
चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, 2021 ला सरकारने उठवली. कारण काय तर चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. म्हणजे अंमलबजावणी जमली नाही म्हणून बंदीच काढून टाकायची? 2010 ला आमच्याकडच्या बाया बंदी मागायला चिमूरहून नागपूरला पायी गेल्या होत्या अधिवेशनावर, उठवताना त्यांना विचारलं का कोणी? मजुरीच्या दिवशी दुकान वाटेतच असलं की अर्धा पैसा घरी पोचत नाही, हे कळायला समिती कशाला लागते.

मोकळं_मत:
दादा बंदीत मी पण तिथेच होतो, दारू मिळाली नाही असा एक दिवस गेला नाही. पव्वा दुप्पट भावात घरपोच, आणि आणून देणारी कोण तर शाळा सोडलेली पोरं. पिणारा तोच, पैसा मात्र डबल गेला, मग बायकोच्या हातात काय उरलं? वरून त्या मालात काय मिसळलंय कोणाला माहीत. गुजरातेत बंदी असूनच 2022 ला बोटादकडे विषारी दारूने माणसं मेली ना.

वरोरेकर:
आणि 2015 ला मालवणीत शंभरावर मेले ते? मुंबईत कुठे होती बंदी?

वॉर्डातली_ताई:
तुम्ही दोघं बंदीवरच अडकलात. मी नर्स आहे म्हणून सांगते, विषारी दारूतलं मिथेनॉल पोटात गेलं की लगेच काही कळत नाही, माणूस म्हणतो अजून उतरली नाही आणि झोपून राहतो, मग दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढे धुकं. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, ते डोळ्याची नस मारतं. वेळेत आणलं तर डायलिसिस वगैरे करून वाचवता येतं, पण पोलीस केसच्या भीतीने लोक दडवतात. दुसरं म्हणजे बंदी लागो नाहीतर घरच्यांनी बाटल्या फोडो, सकाळपासून पिणाऱ्याची एकदम तुटली की हात थरथरतात, घाम सुटतो, दोन-तीन दिवसात फिट येऊ शकते, भिंतीवर किडे दिसायला लागतात, त्यात जीव पण जातो. अशाला खोलीत कोंडू नका प्लीज, दवाखान्यात आणा, व्हिटॅमिन बी-1 चं इंजेक्शन आणि गोळ्यांवर सांभाळून काढतात त्यातून.

मोकळं_मत:
ताई अगदी हेच, महसुलाचा पैसा इथे लावा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे, आमच्या तालुक्याला काय आहे? आणि ज्या गावाला दुकान नकोच त्यांना आडवी बाटलीचं मतदान आहेच की, आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू.

वरोरेकर:
त्या आडव्या बाटलीचं सांगूच नका. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात, मतदानाला आलेल्यांपैकी नाही. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली बाई न येताच उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. आमदार निवडताना आहे का अशी अट?

मोकळं_मत:
ही अट बदला, माझी सही घ्या. जिल्हाभर बंदीला नाही देणार.