मे महिन्यात सुपीरियर सरोवरात कनू वल्हवण्याविषयी

घोडबंदर रोड, ठाणे:
मे महिन्यात कॅनडातील मुलीकडे जात असून, सुपीरियर सरोवराच्या पुकास्क्वा राष्ट्रीय उद्यानातील खडकाळ किनाऱ्याने तिच्यासोबत चार दिवस कनूने (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीने) फिरण्याचा विचार आहे. माझा अनुभव ठाण्याच्या तलावांतील शांत पाण्यापुरताच आहे. तो पुरेसा ठरेल का?

ऐरोली:
मी तिथे मेअखेरीस गेलो होतो. ऊन सुखद होते, परंतु वल्ह्यावरून ओघळणाऱ्या पाण्याने बोटे इतकी बधिर झाली की दोरीची गाठ सुटेना. त्या दिवसांत पाणी जेमतेम ३-४ अंश सेल्सियस असते, म्हणून कपडे हवा पाहून नव्हे, तर पाणी पाहून निवडावेत. ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा पोशाख) आणि लाइफ जॅकेट अंगावरच असावे. अशा पाण्यात पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि साधारण १० मिनिटांत हातपाय साथ सोडतात.

वाशी:
सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरच्या या सरोवरावर वाऱ्याला अडवणारे काही नसल्याने समुद्रासारख्या लाटा उठतात, आणि जिथे कडे थेट पाण्यात उतरतात तिथे कनू लावायला जागाच मिळत नाही. पहाटे निघावे, वाऱ्यासाठी दोन दिवस जास्तीचे ठेवावेत. लाटांचा सराव नसताना मात्र स्थानिक मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये, ही कळकळीची विनंती.