कुत्र्यासाठी घरी केलेली बिस्किटं चौथ्या दिवशीच बुरसतात, काय चुकतंय?

मोतीची_आई
आमचा मोती पाच वर्षांचा आहे, वजन १० किलो. विकतच्या ट्रीट्सच्या पाकिटामागची यादी एकदा नीट वाचली आणि ठरवलं की आता सगळं घरीच करायचं, दोन महिने झाले करतेय. दोन कप ओट्स मिक्सरमधून काढून पीठ, एक कप लाल भोपळा उकडून त्याचा गर, एक अंडं, दोन मोठे चमचे पीनट बटर, मळून लाटून कापायचं आणि १८० डिग्रीला २० मिनिटं. साधारण ३० बिस्किटं होतात. वास सुटला की मोती ओव्हनसमोर जमिनीवर हनुवटी टेकून पडून राहतो, हाक मारली तरी हलत नाही, नुसता कान फिरवतो, ते बघूनच मला इतकं बरं वाटतं ना!
पण दोन अडचणी आहेत. डब्यात ठेवली की चौथ्या दिवशी मधेच हिरवट ठिपके दिसतात. आणि परवा डॉक्टरांकडे गेलो तर वजन ७०० ग्रॅमनी वाढलेलं निघालं, मी तर घरचं आहे म्हणून दिवसाला पाच-सहा बिनधास्त देत होते. आणि थोडी बेकिंग पावडर घातली तर खुसखुशीत होतील का?

भट्टीजवळ
ताई रेसिपी चांगली आहे पण ही बिस्किटं भाजली जातायत, वाळत नाहीयेत. भोपळ्याच्या गरात पाणीच पाणी असतं, २० मिनिटांत बाहेरून रंग येतो आणि आत ओलसरच राहतं, आणि विकतच्यात असतं तसं प्रिझर्वेटिव्ह आपल्यात काहीच नाही त्यामुळे बुरशीला आयतंच फावतं. मी काय करतो, गर आधी फडक्यात घालून पिळून घेतो, पोळी अर्धा सेंटीमीटरपेक्षा जाड लाटत नाही, १७५ ला २५ मिनिटं भाजतो, मग उलटून ओव्हन १०० वर आणून अजून तासभर ठेवतो आणि बंद केल्यावर आतच गार होऊ देतो. गार झाल्यावर एक मोडून बघायचं, कट्ट आवाज आला पाहिजे. वाकून तुटलं तर परत आत. आणि कोमट असताना डब्यात भरू नका हो, झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. मऊच हवी असतील तर फ्रिजमध्ये चार दिवस, बाकीची फ्रीजरमध्ये.
बेकिंग पावडर नको. फुगली की जाड होतात आणि आतून वाळत नाहीत, शिवाय त्यात सोडियम असतं, कुत्र्याला त्याचा उपयोग शून्य.
एक महत्त्वाचं, बुरशी खरवडून उरलेलं देत नाही ना? काही बुरशींच्या विषाने कुत्र्यांना थरथर सुटते, झटके येतात. एकात दिसली तर तो सगळा घाणा टाकून द्यायचा.

शेपटी_हलवा
वजनाचं मी सांगते, कारण आमच्याकडे हेच झालं होतं. तुमच्या घाण्याचा हिशोब केला. ओट्सचे साधारण ७००, अंड्याचे ७०, पीनट बटरचे १९०, भोपळ्याचे ५० धरले तर हजार कॅलरीज होतात, म्हणजे ३० बिस्किटं केली तर एकेक ३३-३४ ची. १० किलोच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसभरात सगळं मिळून ६०० च्या आसपास लागतात आणि ट्रीट्स त्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायच्या असतात, म्हणजे ६०. तुम्ही सहा दिली की २०० गेल्या पोटात! आणि जेवण तर तेवढंच चालू असणार.
उपाय सोपा आहे, छोटी कापा. सुरीने पट्ट्या काढून छोटे छोटे तुकडे केले की त्याच पिठात दीडशे तरी होतात, एकेक सातच्या आत, मग दिवसाला आठ देता येतात. कुत्र्याला तुकडा केवढा होता ते महत्त्वाचं नसतं, किती वेळा मिळालं ते असतं, हे मी रोज बघते. पीनट बटर अर्धं करा, वासापुरतं पुरतं. आणि ट्रीट्स दिल्या त्या दिवशी तेवढं जेवण कमी.

काळ्या_नाकाचा
पीनट बटरवरून थांबलोच. कृपा करून बरणीची मागची बाजू वाचा. शुगर-फ्री असेल तर त्यात साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते झायलिटॉल असू शकतं, कधी बर्च शुगर नावानेही लिहितात. माणसाला काही होत नाही पण कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम वाढतं, अर्ध्या तासातसुद्धा साखर खाली येऊन कुत्रा लडखडायला लागतो, झटके येतात, जास्त गेलं तर लिव्हर जातं. आमच्या घरात डाएटवाली बरणी आणि साधी बरणी शेजारी शेजारी होत्या, मी चुकीच्या बरणीत चमचा घातला होता आणि बायकोने हात धरला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून कुत्र्याची बरणी वेगळ्या कपाटात. चुकून गेलंच पोटात तर लक्षणांची वाट बघायची नाही, घरी उलटी काढायच्या फंदात पडायचं नाही, बरणी हातात घेऊन सरळ डॉक्टरांकडे.
चॉकलेट, मनुका, द्राक्षं, मॅकाडेमिया नट्स, जायफळ हेही नको. सफरचंद घालत असाल तर बिया काढून. यीस्टचं कच्चं पीठ ओट्यावर उघडं ठेवू नका, पोटात फुगतं आणि आंबून अल्कोहोल तयार होतं.

नवीन_पालक
मी कुठेतरी वाचलं की पिठात लसूण पावडर घातली की गोचीड येत नाहीत? चव पण येते म्हणे.

शेपटी_हलवा
नका घालू, अगदी चिमूटभरही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात आणि पावडर म्हणजे तर आणखी तीव्र. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या दिसायला लागतात, कुत्रा मलूल होतो, तोवर आपण काय खाऊ घातलं ते विसरलेलो असतो. गोचिडांसाठी डॉक्टरांचं औषध आहे ना. चवीचं म्हणाल तर त्यांच्या जिभेला आपल्यापेक्षा खूप कमी कळतं, त्यांचं सगळं वासावर. चिकन बिनमिठाचं उकडून त्याच पाण्यात पीठ मळून बघा.

म्हातारबुवा
आमचा १३ वर्षांचा आहे, तीन दातच राहिलेत पुढे, कट्ट आवाज येणारं त्याला जमणार नाही. काय करू?

भट्टीजवळ
दादा तेच वाळवलेलं बिस्किट कोमट पाण्यात पाच मिनिटं टाकून द्या, मऊ होतं आणि वास पण जोरात येतो, म्हाताऱ्या नाकाला बरं. किंवा रताळं वाफवून कुस्करून नखाएवढा गोळा. किडनीचा किंवा साखरेचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, त्यांचं पथ्य वेगळं असतं.

मोतीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. बरणी तपासली, फक्त शेंगदाणे आणि मीठ आहे, तरी आता बिनमिठाची आणणार. रविवारी गर पिळून केलं, अर्धी वाटी पाणी निघालं! १६२ तुकडे झाले, तासभर वाळवले, कट्ट आवाज आला. आज नववा दिवस, डब्यात एकही ठिपका नाही. सकाळी आठ तुकडे मोजून वाटीत काढते आणि वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. मोती अजून आठव्यानंतर वाटीकडे बघत बसतो, तेव्हा मी गाजराचा एक काप देते, तो पण आवडीने खातो.