मदत हवी आहे: ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक कॅन्सर) परत वाढलाय, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारा उपचार) करावी का?

पेशंट माझे भाऊजी, वय 52, नागपूर. गाठीच्या जनुकीय तपासणीत आयडीएच वाइल्ड टाइप (त्या जनुकात बदल नाही), एमजीएमटी अनमिथाइलेटेड (म्हणजे टेमोझोलोमाइडचा असर कमी होण्याची शक्यता). ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइड (केमोचं औषध) सगळं झालं. ताज्या एमआरआयमध्ये गाठ पुन्हा वाढलीय. स्वतः चालतात, बोलतात. सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू आहे. दुसरं ऑपरेशन शक्य नाही, असं सर्जन म्हणतात.

एका डॉक्टरांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुचवलंय. पण चेकमेट 143 चाचणीत परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमात ते बेव्हॅसिझुमॅबपेक्षा (गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) सरस ठरलं नव्हतं, आणि स्टेरॉइडमुळे अशा औषधांचा असर कमी होऊ शकतो. खर्च मोठा, विमा जवळपास संपलाय. ताईला खोटी आशा द्यायची नाही, पण खरी संधी असेल तर सोडायचीही नाही.

मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायची तयारी आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या नमुन्याचे ब्लॉक आणि स्लाइड हाताशी आहेत. आयुर्वेदिक उपाय कृपया सुचवू नका.

मिसमॅच रिपेअर (पेशींची डीएनए-दुरुस्ती नीट चालते का) आणि ट्यूमर म्युटेशनल बर्डन (गाठीत जनुकीय बदल किती) या तपासण्या आधी करून घ्याव्यात का? त्या जुन्या ब्लॉकवर चालतात का? आणि डेंड्रिटिक सेल लस किंवा कार-टीची (दोन्ही पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशींपासून केलेले उपचार), सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदलेली, सध्या पेशंट घेणारी चाचणी भारतात कुठे सुरू आहे, हे कुणाला स्वतःच्या अनुभवातून माहीत आहे का?