मदत हवी आहे: पाणी ९८ अंशांवरच उकळतंय, वहीत काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

लेक यंदा अकरावीला. रविवारी स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. थर्मामीटर साधा, उणे १० ते ११०, एकेका अंशाच्या रेघांचा, पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळून आणलेला. पाणी खळखळ उकळतंय आणि पारा ९८ वर जो अडला तो हलेचना. गॅस मोठा केला, तरी तेच. (पाणी मात्र निम्मं आटलं.) थर्मामीटर बिघडलाय म्हणावं, तर वितळत्या बर्फात बरोब्बर शून्य दाखवतो.

लेकीच्या मैत्रिणीने सरळ १०० लिहून टाकलंय. आमच्या बाईसाहेबांना ते पटत नाही, पण मार्क जायची धास्तीही आहे.

दुसरं म्हणजे, अंशांचे केल्विन (तापमानाचं दुसरं एकक) करताना २७३.१५ मिळवून लेकीने ३७१.१५ लिहिलंय. एवढ्याशा थर्मामीटरमधून शतांश निघालेला बघून हसू आलं, पण चूक नेमकी कुठे ते मला सांगता येईना. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १
थर्मामीटरला बोल लावू नका, पुण्याला लावा! शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. १०० हा आकडा समुद्रसपाटीचा. महाबळेश्वरला तर ९५-९६ च येईल. ९८ च लिहा, शेजारी गावाची उंची नोंदवा. थर्मामीटरचा फुगा (खालचा पाऱ्याचा गोळा) पातेल्याच्या बुडाला टेकला नव्हता ना?

प्रतिसाद २
लघुतम माप (दोन रेघांमधलं अंतर) १ अंश, म्हणजे वाचन ९८ ± ०.५. अर्ध्या अंशाचीच जिथे खात्री नाही, तिथे पुढे .१५ जोडून काय उपयोग? बेरजेचं उत्तर त्यातल्या सगळ्यात ढोबळ आकड्याइतकंच अचूक. म्हणून ३७१ केल्विन. ९८.० सुद्धा नको; ते शून्य म्हणजे दशांश वाचल्याचा दावा होतो. आणि केल्विनला अंशाचं चिन्ह लावू नका, ते १९६७ मध्येच काढून टाकलंय. तापमानातली *वाढ* लिहायची असेल तर २७३ मिळवायचे नाहीत हं! २८ वरून ९८ म्हणजे ७० अंश, तेच ७० केल्विन. यात भलेभले फसतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. फुगा टेकला नव्हता, दोऱ्याने टांगला होता. ३७१ करून झालं. आता मैत्रिणीला फोन चालू आहे, १०० खोडायला लावतेय.