मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये काउन्सिल शाळांना पैसे वाटतं, ते नेमकं कशावर?

सांजवारा

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये मिडलंड्सच्या एका गावात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, इयर वनमध्ये. नोव्हेंबरात मी त्याच्या शाळेची पेरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभार मंडळावरची पालक प्रतिनिधी, म्हणून निवडून आले. शाळा काउन्सिलची म्हणजे स्थानिक प्रशासनाची आहे, अकॅडमी (काउन्सिलबाहेरची, थेट सरकारी पैशावर चालणारी) नाही. एका इयत्तेला एकच तुकडी, एकूण 210 जागा.

परवा 2024-25 च्या बजेटचे कागद हातात पडले. ऑक्टोबर 2022 मध्ये पट 201 होता, ऑक्टोबर 2023 मध्ये 184. सतरा मुलं कमी झाली म्हणून दोन टीएंच्या (टीचिंग असिस्टंट, वर्गातल्या मदतनीस) जागा कमी करायचा प्रस्ताव आहे. त्यातल्या एका बाईंनी माझ्या मुलाला पहिले तीन महिने सांभाळलं. त्याला तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांनी माझ्याकडून 'पाणी', 'शू', 'आई येणार' हे शब्द एका पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले आणि ती चिठ्ठी गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे ठेवली. मुलगा रडायला लागला की त्या ओळखपत्र उलटं करून वाचायच्या. तेच नाव आता कागदावर बघताना हात थांबतो.

पुढच्या गुरुवारी मीटिंग आहे. मला नुसती मान डोलवायची नाही, पण कागदातलं निम्मं कळत नाही. काउन्सिल कुठल्या शाळेला किती द्यायचं हे कशावर ठरवतं? आपण घरपट्टीसारखा भरतो तो काउन्सिल टॅक्स शाळेत जातो का? वर्गात दोन-तीन मुलं कमी झाल्याने एवढं भगदाड कसं पडतं? आणि ऑक्टोबरनंतर नऊ नवी मुलं आली आहेत, ती हिशेबात का नाहीत? कुणी या कामात असेल तर कृपया समजावून सांगा.

खतावणी

सांजवारा, मी दुसऱ्या एका काउन्सिलच्या प्राथमिक शाळेत बिझनेस मॅनेजर आहे, त्यामुळे हे रोजचं काम. सविस्तर लिहिते.

आधी काउन्सिल टॅक्स. शाळेचा पैसा मुख्यतः त्यातून येत नाही. केंद्र सरकार प्रत्येक काउन्सिलला 'डेडिकेटेड स्कूल्स ग्रँट' देतं. 2006-07 पासून ही पद्धत आहे आणि तो पैसा शिक्षणाबाहेर वापरता येत नाही. त्याचे चार कप्पे असतात: शाळा, हाय नीड्स म्हणजे विशेष गरजांची मुलं, पाच वर्षांखालची मुलं, आणि काउन्सिलची शिक्षणविषयक मध्यवर्ती कामं. तुमचं बजेट पहिल्या कप्प्यातून येतं.

तो कप्पा किती मोठा हे 2018-19 पासून राष्ट्रीय सूत्राने ठरतं. पण आलेला पैसा शाळाशाळांत वाटायचं सूत्र काउन्सिलचं स्वतःचं असतं. त्यासाठी त्यांना स्कूल्स फोरमचा (काउन्सिलमधल्या शाळांच्या प्रतिनिधींची समिती) सल्ला घ्यावा लागतो आणि जानेवारीत सगळ्या शाळांचा तक्ता सरकारला पाठवावा लागतो. 2023-24 पासून स्थानिक सूत्र टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय सूत्राच्या जवळ आणायची सक्ती आहे, म्हणून राष्ट्रीय आकडे समोर ठेवले तरी चित्र बऱ्यापैकी कळतं.

2024-25 मध्ये प्राथमिक शाळेतल्या एका मुलामागे मूळ रक्कम 3,562 पौंड. तुमची सतरा मुलं गुणिले ते, 60,554 पौंड. याशिवाय प्रत्येक शाळेला एक ठोक रक्कम असते, त्या वर्षी 134,400 पौंड. शाळेत साठ मुलं असोत की सहाशे, ती तेवढीच. बाकीची भर मुलांच्या परिस्थितीवर: फ्री स्कूल मील मिळणारी किती, कुठल्या पोस्टकोडमधली, अभ्यासात मागे असलेली किती, घरी इंग्रजी नसलेली किती, वर्षाच्या मधेच आलेली किती. पण सगळ्यात मोठा वाटा नुसत्या पटाचा.

भगदाड का पडतं ते आता बघा. सतरा मुलं एकाच वर्गातून गेली असती तर निदान काहीतरी जुळवाजुळव करता आली असती. ती सात वर्गांतून दोन-दोन, तीन-तीन अशी जातात. सत्तावीस मुलांच्या वर्गालाही एक शिक्षक लागतो आणि तिशीच्या वर्गालाही एकच. दिवे, हीटिंग, शिपाई, विमा, काही कमी होत नाही. मग हात लावता येतो तो टीएंनाच. इंग्लंडमध्ये 2012 नंतर जन्म घटत गेले, त्यामुळे ही वेळ खूप शाळांवर आली आहे.

कागदात 'मिनिमम फंडिंग गॅरंटी' असं दिसेल. ते वाचून निर्धास्त होऊ नका. ती हमी दर मुलामागच्या रकमेची आहे, एकूण बजेटची नाही. मुलं गेली की त्यांच्याबरोबर हमीही जाते.

आणखी एक. कुणी म्हणालं की गेल्या वर्षी मुलामागे 3,394 होते आणि आता 3,562, म्हणजे पाच टक्के वाढ, तर थांबवा. 2023-24 मध्ये शाळांना एक वेगळं जादा अनुदान मिळत होतं, प्राथमिकला मुलामागे 119 पौंड. ते 2024-25 मध्ये सूत्रात मिसळलं आहे. ते वजा केलं की खरी वाढ 49 पौंड. पगारवाढ त्याहून कितीतरी जास्त आहे.

नऊ मुलांचं उत्तर जरा कटू आहे. शिरगणती ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होते. गेल्या वेळी ती 5 ऑक्टोबर 2023 ला झाली. त्या दिवशी पटावर जी मुलं होती त्यांचा पैसा एप्रिल 2024 पासून मिळणार. नोव्हेंबरात आलेलं मूल ऑक्टोबर 2024 ला मोजलं जाईल आणि त्याचा पैसा एप्रिल 2025 ला येईल. सतरा महिने शाळा त्याला आपल्या खिशातून शिकवते.

उत्तरायण

खतावणीताई, फार उपयोगी लिहिलंत. मी विशेष गरजांबद्दल थोडी भर घालतो, कारण यात मी स्वतः पोळलो आहे. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. आम्हाला दोन वर्षं सांगितलं जात होतं की काउन्सिलने पैसे दिले नाहीत म्हणून जादा मदत नाही. नंतर कळलं की जादा मदतीच्या खर्चातले पहिले 6,000 पौंड शाळेने तिच्या बजेटमधूनच घालायचे असतात, त्यावरचं काउन्सिल हाय नीड्सच्या कप्प्यातून देतं. शाळा खोटं बोलत नव्हती. त्या 6,000 साठी वेगळी पिशवी येत नाही, सूत्रातल्याच रकमेचा एक भाग 'यातून करा' असा दाखवलेला असतो. टीए गेले की पहिला फटका अशा मुलांना बसतो. सांजवारा, मीटिंगमध्ये एवढं नक्की विचारा: या दोन बाई आज कुठल्या मुलांबरोबर बसतात, आणि त्यांतल्या कुणाच्या मदतीचं काउन्सिलने लेखी बंधन घातलेलं आहे.

शिवाय स्कूल्स फोरमच्या संमतीने काउन्सिल शाळांच्या कप्प्यातून अर्धा टक्का हाय नीड्सकडे वळवू शकतं. तुमच्याकडे तसं झालंय का ते बघा. माझा त्याला विरोध नाही, माझं मूल त्याच कप्प्यावर आहे. पण गव्हर्नरला ते माहीत असावं.

माणदेशी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तुमचा ऑक्टोबरचा गुरुवार वाचून आमची 30 सप्टेंबर आठवली. संचमान्यतेला त्या तारखेचा पट धरतात, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. ऊसतोडीला कुटुंबं कधी निघतात आणि कधी परततात यावर आमचा जीव टांगलेला असतो.

आमच्याकडे पगार वेगळा येतो. शाळेच्या हातात पडतं ते समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान, तेही पटाच्या टप्प्यांवर. 31 ते 100 मुलांना वर्षाला 25,000 रुपये, 101 ते 250 ला 50,000. म्हणजे शंभराव्या मुलापर्यंत 25,000 आणि एकशे एकावं मूल आलं की दुप्पट. त्यातूनच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतेसाठी किमान दहा टक्के. तुमच्याकडे मूल वाढलं की त्याचा पैसा वाढतो, ही पद्धत मला जास्त न्यायाची वाटते. त्या चिठ्ठीच्या बाईंना आमच्या शाळेकडून नमस्कार सांगा.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कागद पुन्हा वाचले आणि पहिल्यांदा ओळीन् ओळ लागली. माणदेशी सर, नमस्कार नक्की पोचवते.

खतावणीताई, तुमच्या एका वाक्यावर मी अडकले आहे: 'घरी इंग्रजी नसलेली किती'. प्रवेशाच्या फॉर्मवर 'पहिली भाषा' या रकान्यात मी इंग्रजी लिहिलं होतं. आम्ही नुकतेच पुण्याहून आलो होतो. मराठी लिहिलं तर त्याला मागच्या गटात बसवतील अशी भीती होती. घरात आम्ही चोवीस तास मराठीच बोलतो. याने शाळेचं नुकसान झालं का?

खतावणी

हो, झालं असणार. पण ही भीती फक्त तुमची नाही, आपल्याकडचे खूप पालक असंच लिहितात.

सूत्रात जादा भाषेचा घटक आहे. ज्याची पहिली भाषा इंग्रजी नाही आणि ज्याला इंग्लंडच्या सरकारी शाळांत येऊन तीन वर्षं व्हायची आहेत, अशा प्राथमिकच्या मुलामागे 2024-25 मध्ये 590 पौंड. माध्यमिकला 1,585. मूल आता फाडफाड इंग्रजी बोलतं का, हे त्यात बघत नाहीत. लहानपणी कानावर कुठली भाषा पडली आणि घरात अजून कुठली पडते, एवढंच विचारतात. यादीत मराठी आहे. त्यावरून गट पाडत नाहीत, गट वर्गशिक्षिका मुलाकडे बघून पाडते.

ऑफिसात जाऊन दुरुस्ती सांगा. मागचा पैसा मिळणार नाही, पण पुढच्या शिरगणतीत नोंद बरोबर जाईल. इतर पालकांवर मात्र दबाव नको. काय लिहायचं हा त्यांचा अधिकार आहे, आपण फक्त अर्थ समजावून सांगायचा.

गुरुवारच्या मीटिंगसाठी दोन प्रश्न देते. पहिला: आपल्या काउन्सिलमध्ये पट घटलेल्या शाळांसाठी 'फॉलिंग रोल्स फंड' आहे का? पूर्वी ऑफस्टेडचा (शाळा तपासणारी सरकारी यंत्रणा) 'गुड' किंवा 'आउटस्टँडिंग' शेरा असलेल्या शाळांनाच तो मिळे. 2024-25 पासून ती अट गेली. आता येत्या तीन ते पाच वर्षांत त्या जागा लागणार आहेत, हे काउन्सिलच्या अंदाजात दिसावं लागतं. तुमच्याकडे नऊ मुलं आलीच आहेत, म्हणजे विचारायला आधार आहे. दुसरा: काउन्सिलच्या शाळा काही सेवांसाठी आपल्या बजेटमधले पैसे परत काउन्सिलकडे देतात, त्याला डी-डेलिगेशन म्हणतात. आपली शाळा कशाकशासाठी देते आणि त्यातलं वापरते किती? बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांच्या भाषेसाठी मदतनीस पाठवायची सेवा काही ठिकाणी त्यात असते. पैसे देऊन कुणी बोलावतच नाही असं मी पाहिलंय.

आणि स्कूल्स फोरमची मीटिंग कुणालाही ऐकायला जाता येते. कागदपत्रं काउन्सिलच्या वेबसाइटवर असतात. पुढची गाठा.

सांजवारा

मीटिंग झाली, म्हणून लिहिते आहे.

उत्तरायण, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला. दोघींपैकी एक बाई सकाळभर ज्या मुलाबरोबर असतात त्याची मदत काउन्सिलने लेखी ठरवून दिलेली आहे. ती जागा प्रस्तावातून निघाली. चिठ्ठीच्या बाईंची नाही निघाली. त्यांचे तास निम्मे करून सप्टेंबरपर्यंत थांबायचं ठरलं. मला ते पुरेसं वाटत नाही आणि तसं मी मिनिट्समध्ये नोंदवायला सांगितलं.

फॉलिंग रोल्स फंडाबद्दल कुणालाच खात्री नव्हती. क्लार्कने काउन्सिलला पत्र पाठवलंय. डी-डेलिगेशनमध्ये भाषेची सेवा आहे, आणि शाळेने ती दोन वर्षांत एकदाही बोलावली नव्हती. हेडनी दुसऱ्याच दिवशी फोन केला.

मुलाची नोंद बदलून घेतली. ऑफिसातल्या बाईंनी यादी उघडून मराठी निवडलं आणि विचारलं, याचा उच्चार कसा करायचा. मग गेटवर आपल्या, तेलुगू आणि मल्याळी आयांशी बोलले. अकरा घरांनी इंग्रजी लिहिलं होतं, त्यांतल्या सात मुलांना इथे येऊन तीन वर्षं झालेली नाहीत. सात गुणिले 590 म्हणजे 4,130 पौंड. त्यात कुणाची जागा वाचत नाही हे मला कळतं, पण तास वाढू शकतात.

सप्टेंबरात प्रत्येक घरी नोंदींचा कागद तपासायला पाठवायचा असं ठरलंय, सोबत पहिली भाषा म्हणजे काय हे चार ओळींत. त्या चार ओळी मराठी, तेलुगू आणि मल्याळममध्ये द्यायला शाळा तयार आहे. मराठी मी लिहिते. तेलुगू आणि मल्याळम लिहून देणारं ओळखीत कुणी असेल तर कृपया विपू (विचारपूस) करा. 2024 च्या शिरगणतीचा गुरुवार 3 ऑक्टोबरला आहे.