मूळ ग्राफ्लेक्स कापू नका

वर कोणीतरी विचारलंय, 'स्टार वॉर्स'च्या नायकाच्या, ल्यूकच्या पोशाखात कमरेच्या पट्ट्याला लटकवायला खरा ग्राफ्लेक्स शोधावा का? परवडत असेल तर घ्याच! १९७७च्या 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या त्याच्या लाईटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीची, मूठ म्हणजे हाच ग्राफ्लेक्स: जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा तीन सेलचा दांडा. दांड्यावरच्या क्लॅम्पमधली बुडबुड्यांसारखी दिसणारी पट्टी तर कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरचं भिंग! फक्त घेण्याआधी तळाचं झाकण उघडून आत बघा. माझ्या दांड्यात जुने सेल फुटून हिरवी पूड साचली होती, स्प्रिंग गंजून गेलेली. व्हिनेगर लावून कापसाने पुसत बसलो. बाहेरचे ओरखडे मात्र मुद्दाम ठेवले. आणि मुठीवरच्या पकडीच्या काळ्या पट्ट्या चिकटवा हो, भोकं पाडू नका. जुने कॅमेरे जमवणारे आधीच आपल्यावर खार खाऊन आहेत.